उंदरांचं औषध

पुणे, १८ ऑगस्ट २०२४

आबा,

तू दवाखान्यातून निघालास त्या सकाळी मी खाली चहा आणायला गेले होते. दोन कप घेऊन वर आले तर बाकावर तू नव्हतास. पलीकडच्या खाटेवर ज्यांच्या मुलाचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, त्या तळोद्याच्या सरलाबाई म्हणाल्या, "तुन्हा बाप गया बेटी. थैली लिसन गया." म्हणजे पिशवी घेऊनच गेलास. मी रिक्षा करून बसस्थानकावर आले. अक्कलकुव्याची गाडी सुटून गेली होती.

मला वाटलं होतं, घरी पोचलास की राग उतरेल. मग नवनीतला आणि ममतावहिनीला घरी पाठवलं, तेव्हा वाटलं, मुलगा स्वतःच्या पायांनी घरात आलेला बघून तरी तू माझ्याशी बोलशील. नवनीत बाजारच्या दिवशी मोलगीहून फोन करतो. तू तिथेच असतोस, पण फोन हातात घेत नाहीस. पाड्यावर तर फोन लागतच नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. शाळेत शिकवलं होतं की वडिलांना पत्रात तुम्ही लिहायचं, पण आपल्या घरात तसं कोणी बोलत नाही, म्हणून तूच लिहिते. नवनीत, तू वाचताना आपल्या बोलीत सांग आणि हळू सांग.

आबा, तुझा राग होळीपासूनचा आहे हे मला माहीत आहे. त्या वेळी नवनीतला आजारी पडून वर्ष होत आलं होतं. आधी सगळ्यांनी हगवण म्हणून औषध दिलं. नंदुरबारला दुर्बीण घालून बघितलं तेव्हा कळलं की मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत, आणि त्या कुठल्या घाण पाण्याने झालेल्या नाहीत, शरीर आपणच आपल्या आतड्यावर उठलं आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस. गोळ्या घेतल्या की महिना बरा जायचा, की पुन्हा रक्त. ऊसतोडीला जायचं बंद झालं. आणि मी नेमकी त्याच रोगावर काम करणाऱ्या ठिकाणी.

होळीला मी आले ती आनंदात आले होते. आमच्याकडे उंदरांना हाच रोग करतात आणि त्यावर औषधं तपासतात. एका औषधाने उंदीर बरे झाले होते, वजन वाढलं होतं, रक्त थांबलं होतं. मी ते घरात पाय ठेवल्या ठेवल्या सांगितलं. आता वाटतं, तो आनंद पुण्यालाच ठेवून यायला हवा होता. तू हातातलं काम टाकून माझ्यासमोर बसलास. म्हणालास, "मग आण ना."

मी म्हटलं, "माणसाला अजून कोणी दिलेलं नाही, आबा. काय होईल सांगता येत नाही."

"उंदराला काय झालं?"

"बरा झाला."

"मग? उंदराला देतेस, भावाला देत नाहीस."

नवनीत तिथेच होता. होळी पेटायच्या आधी मी ममतावहिनीच्या मागे जाऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने निघाले.

जुलैत जे झालं ते तू माझ्यापेक्षा जवळून बघितलंस. त्या पावसात देवगोईच्या घाटातून जीपमध्ये तूच त्याला मांडीवर धरून आणलंस. नंदुरबारच्या डॉक्टरांनी पुण्याला न्या म्हटलं, मी वाटेतच तुम्हाला येऊन मिळाले. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मोठं आतडं फुटायच्या बेतात आहे, काढलं नाही तर माणूस जाईल. तू लगेच हो म्हणालास. ते मी विसरले नाही.

मग ती डॉक्टरबाई आली. काढलेल्या आतड्याचा थोडा भाग संशोधनाला द्याल का, असं तिने विचारलं. तो भाग आमच्याच संस्थेत येणार होता. मी नवनीतची बहीण आणि तिथे काम करणारीही. म्हणून नियमाप्रमाणे मला खोलीतून बाहेर जावं लागलं. आत काय झालं ते वहिनीने नंतर सांगितलं. तू म्हणालास, माझ्या मुलाचं जे काढाल ते माझ्या हातात द्या, मी घरी नेऊन त्याच्या आईजवळ मातीत ठेवीन. नवनीत म्हणाला, "आबा, माझ्यासारखा अजून कोणी असेल. त्याच्या कामी येऊ दे." आणि त्याने सही केली.

मी आत आले तेव्हा तू मला एकच विचारलंस. "मागायचं होतं तर तू मागायचं. बाहेर का गेलीस?"

मी नियम सांगितला. नियम बरोबर आहे, आबा. मी समोर असते तर नवनीतला नाही म्हणता आलं नसतं. पण तुला नियम नको होता आणि माझ्याजवळ त्या वेळी दुसरं काही नव्हतं.

नवनीतला पोटावर लावलेल्या शौचाच्या पिशवीची सवय होईपर्यंत वहिनीला एकटीला सगळं करायला लावू नकोस. तिला आधाराची गरज आहे, ती सांगणार नाही.

तुझी
रंजिता


पुणे, २२ सप्टेंबर २०२४

आबा,

नवनीतने तुझा निरोप सांगितला. तुकडा परत आण, मग बोलू.

मी दवाखान्यात जाऊन आले. जिथे आतडं तपासतात त्या विभागात एक वयस्क डॉक्टर आहेत. त्यांनी मला बसवलं, माझं सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की तपासणी झाल्यावर उरलेला भाग नियमाप्रमाणे पिवळ्या पिशवीत घालून भट्टीत पाठवतात. नवनीतचा गेला. तू इथून निघालास त्यानंतर लवकरच गेला असणार. ते म्हणाले, "तुमच्या वडिलांनी आधीच लेखी मागितलं असतं तर काही करता आलं असतं." आबा, त्यांना काय सांगू, की तू तोंडाने मागितलं होतंस आणि ते लिहून द्यावं लागतं हे तुला कोणी सांगितलं नाही. मी खोलीत असते तर मी सांगितलं असतं. मी बाहेर उभी होते.

तर देण्यासारखं काही उरलेलं नाही. आणीन, बघते, असं म्हणून तुला ताटकळत ठेवण्यापेक्षा खरं ते कळवते.

आमच्याकडे जो लहानसा भाग आला त्याचाही आता तुकडा राहिलेला नाही. त्यातल्या पेशी वेगळ्या काढून काचेच्या भांड्यात वाढवल्या आहेत. मायक्रोस्कोपखाली त्यांचे लहान लहान गोळे दिसतात, पाण्यावरच्या बुडबुड्यांसारखे. माझी सहकारी रविना ते काम करते. भांड्यावर नाव नसतं, नंबर असतो. पण कधी आलं, कुठून आलं हे मला माहीत आहे, त्यामुळे तो नंबर कुणाचा ते मला कळतं. मी त्या टेबलाकडे जात नाही.

होळीला तू विचारलेल्याचं मी नीट उत्तर दिलं नव्हतं. आता देते. उंदराला हा रोग आपोआप होत नाही, आम्ही करतो. पिण्याच्या पाण्यात एक पावडर घालतो. काही दिवसांनी त्याचं आतडं सोलवटतं, रक्त पडायला लागतं, तो अंग फुगवून कोपऱ्यात बसतो. मी रोज त्याचं वजन करते, लेंड्या बघते. त्या उंदरांना आमचं औषध पावडरीच्या सोबतच, पहिल्या दिवसापासून दिलेलं होतं. त्यामुळे रोग जोर धरायच्या आधीच औषध पोटात होतं. आणि पावडरीचं पाणी काढून घेतलं की तो उंदीर तसाही सावरायला लागतो. नवनीतला कोणी पावडर पाजली नव्हती, आबा. त्याच्यासमोरून काढून घेण्यासारखं काहीच नव्हतं. उंदीर आणि तो, दोघांच्या आतड्याला जखम होती, एवढंच सारखं. मला हे होळीलाही माहीत होतं, पण चांगलं काही घडलं होतं ते सांगायची घाई होती. बाकीचं सांगायचं राहून गेलं.

बाजरी कशी आहे? पाऊस लांबला असं इथे बातमीत होतं.

तुझी
रंजिता

नवनीत, इथून पुढचं फक्त तुझ्यासाठी, आबाला वाचून दाखवू नकोस. जुलैत वहिनीचा फोन आला की तू उठून बसू शकत नाहीस, तेव्हा मी संस्थेत होते. निघायच्या आधी मी फ्रीज उघडला आणि औषधाची बाटली पर्समध्ये टाकली. फाटकापर्यंत गेले. तिथे उभी राहून हिशोब करत होते की तुला किती द्यायचं. उंदराला किती द्यायचं ते मला माहीत होतं. तुला किती, ते जगात कोणालाच माहीत नव्हतं. तुझं शरीर तेव्हा इतकं नाजूक झालं होतं की माझ्या हातून तू गेला असतास तरी मला कळलं नसतं की रोगाने गेलास की माझ्यामुळे. मी परत वर गेले आणि बाटली ठेवली. आबाला हे कळू देऊ नकोस. तो म्हणेल, हातात होतं आणि ठेवून दिलं.


पुणे, १० नोव्हेंबर २०२४

आबा,

गेल्या पत्राला उत्तर नाही आलं. नवनीत फोनवर इकडचं तिकडचं बोलतो आणि तुझं विचारलं की भगर कापायला गेलाय म्हणतो. तू किती भगर कापतोस.

आज दोन गोष्टी आहेत. दोन्ही मला बसून, तुझ्याकडे बघून सांगायच्या होत्या.

औषध चालत नाही. आम्ही दुसऱ्या प्रकारे प्रयोग केला. पावडर थोडे दिवस द्यायची, मध्ये बंद करायची, पुन्हा द्यायची, म्हणजे उंदराचं आतडं नवनीतसारखं जुनं दुखणाईत होतं. मग औषध सुरू केलं. काही उपयोग झाला नाही. औषध घेणारे आणि साधं पाणी घेणारे, दोघे सारखेच खंगले. त्याच दिवसांत रविनाने तेच औषध काचेतल्या पेशींवर घालून बघितलं. नवनीतच्या आणि आणखी काही रुग्णांच्या. तिथेही जवळपास काहीच परिणाम नाही. नवनीतच्या पेशींवर तर सगळ्यात कमी.

म्हणजे मी होळीला आणलं असतं तरी तो बरा झाला नसता. हे समजल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. रविनाही म्हणाली, "तुझं बरोबर होतं बघ." मी टेबलावर डोकं ठेवून बसून राहिले. मला बरोबर असायचं नव्हतं, आबा. मला वाटत होतं की औषध चालावं, तू मला आयुष्यभर बोल लावावेस, आणि नवनीतचं आतडं त्याच्या पोटात असावं.

आणि त्या उंदरांचंही मनातून जात नाही. आधी मी स्वतःला सांगायचे की एवढ्या जिवांच्या बदल्यात माणसाला औषध मिळेल. आता या वेळेपुरतं तरी तसं काही राहिलं नाही. माझे गाईड सर म्हणतात की चालत नाही हे कळणं हेसुद्धा कळणंच आहे, नाहीतर हे औषध उद्या माणसांना दिलं गेलं असतं. ते खरं आहे. पण पिंजऱ्यासमोर मी असते, सर नसतात.

दुसरी गोष्ट नवनीतची. डॉक्टरांनी त्याला जानेवारीत बोलावलं आहे. दुसरं ऑपरेशन करून लहान आतड्याचीच आतल्या आत एक थैली शिवतात, मग पुढे पोटावरची पिशवी काढता येते. त्याचं वय कमी आहे, तब्येत आता भरते आहे, हीच वेळ आहे असं ते म्हणाले. मी त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणतो, "आबाने जा म्हटलं तर जाईन."

तो लग्न झालेला माणूस आहे, सही त्याची तोच करतो. पण मागच्या वेळी तुझ्या मनाविरुद्ध सही केली आणि तू उठून गेलास, ते त्याला लागलं आहे. तो पुन्हा तसं करणार नाही. वहिनीने सांगितलं की तो कापणीला आला नाही, लोकांच्यात बसत नाही, वास येईल म्हणून लग्नाला गेला नाही. घरातसुद्धा जेवायला वेगळा बसतो. तुला ते दिसत असणार.

माझ्याशी बोलू नकोस, चालेल. मी दवाखान्यात समोर येणार नाही, हवं तर. त्याला फक्त जा म्हण.

तुझी
रंजिता


पुणे, २९ डिसेंबर २०२४

आबा,

काल ममतावहिनी अक्कलकुव्याला कपडे घ्यायला आली होती, तिथून तिने फोन केला. बराच वेळ बोलली. मला कळलं की नवनीतने सप्टेंबरच्या पत्रातलं सगळं तुला वाचून दाखवलं होतं, त्याच्यासाठी वेगळं लिहिलेलंही. मला आधी त्याचा राग आला. वहिनी म्हणाली, "त्याला पहिल्यांदा वाचताना ते सांगायला जमलं नाही. परवा मात्र तुझी नोव्हेंबरची चिठ्ठी पुन्हा वाचायला सांगितली आबांनी, तेव्हा त्याने दोन्ही काढल्या आणि सगळंच वाचलं."

बाटलीचं ऐकल्यावर तू काय म्हणालास ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, तू पुन्हा वाच म्हणालास. मग विचारलंस की फाटक फ्रीजपासून किती लांब आहे. नवनीतला ते माहीत नव्हतं. आबा, लांब आहे. जिना उतरून, मोठं आवार ओलांडून जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी तू वहिनीकडे नवनीतचा तो शर्ट मागितलास, पुण्याला आणताना अंगात होता तो, रक्ताचा डाग न गेलेला. वहिनीला वाटलं, फेकायला मागताय. तू कुदळ घेऊन आईजवळ गेलास, एकटाच, आणि शर्ट मातीत ठेवलास. वर दगड रचलेस. घरी येऊन हात धुतलेस आणि नवनीतला म्हणालास, "जानेवारीत जाऊ. मी येतो."

मी काही लिहिणार नव्हते, उगाच बोलून बिघडवायला नको म्हणून. पण तू ते एकट्याने केलंस याचं वाईट वाटतं. मी असायला हवं होतं. दगड आणून दिले असते.

इथे थंडी आहे. येताना घोंगडी आण, दवाखान्यात रात्री गार होतं.

तुझी
रंजिता


पुणे, ९ मार्च २०२५

आबा,

तुम्ही पोचल्याचं नवनीतने कळवलं. जखम कोरडी आहे, ताप नाही, हे ऐकून डॉक्टरही खूश झाले. पोटावरची पिशवी अजून काही महिने राहील, शेवटचं छोटं ऑपरेशन झालं की जाईल. आत शिवलेली थैली आतड्याचं सगळं काम करणार नाही. शौचाला वारंवार जावं लागेल, कधी थैलीला सूज येईल, औषधं लागतील. पण तो ऊन खात बसायला बाहेर ओट्यावर येतो असं वहिनी म्हणाली. पुढच्या पावसाळ्यात शेतात येईल.

नवनीत, आज कुणासाठी वेगळं काही नाही. सगळं वाच.

आबा, इतके दिवस तू पुण्यात होतास आणि आपण बोललो ते मोजकंच. डबा घे. पाणी कुठे मिळेल. डॉक्टर कधी येणार. मला तेवढ्यावर भागवायची सवय झाली होती. म्हणून नवनीतला घरी सोडायच्या आधी तू एकदम "दाखव" म्हणालास तेव्हा मला कळलंच नाही. "काय दाखवू?" मी विचारलं. तू म्हणालास, "जे उरलंय ते."

सरांनी परवानगी दिली. उंदीर ठेवतात त्या ॲनिमल हाउसमध्ये बाहेरच्यांना सोडत नाहीत, पण पेशींच्या खोलीपर्यंत चालेल म्हणाले. रविनाने तुझ्या पायात प्लॅस्टिकचे मोजे चढवले, तू तिला चढवू दिलेस. मायक्रोस्कोपला डोळा लावायला तुला वेळ लागला. आधी तुला तुझीच पापणी दिसत होती. मग तू अगदी स्थिर झालास.

"हा नवनीत?"

"नवनीतच्या पेशी, आबा."

"जिवंत?"

"हो."

तू डोळा काढला नाहीस. "दुखतं का याला?"

"नाही. दुखायला जे लागतं ते यात नाही."

"आणि उंदराला?"

रविना बाजूला काहीतरी पुसत होती, ती थांबली. मी म्हटलं, "दुखतं."

"तेव्हा तू काय करतेस?"

"बघते. लिहून ठेवते. फार झालं तर प्रयोग संपायची वाट न बघता त्याला संपवते. तसा नियम आहे."

नियम हा शब्द तोंडातून गेला आणि मला वाटलं, आता तू उठशील. तू उठलास, पण गेला नाहीस. खिडकीजवळ उभा राहिलास. खाली मुलं मोटारसायकली लावत होती ते बघत होतास. मग म्हणालास, "ज्याला दुखत नाही त्याच्यावर करा की आधी."

मी सांगितलं की तसंच ठरतंय. नवीन औषध आलं की आधी या पेशींवर घालून बघायचं, इथे चाललं तरच उंदरांकडे जायचं. तरी उंदीर लागतीलच. काचेतल्या गोळ्याला रक्त नसतं, भूक नसते, तो सगळं सांगू शकत नाही. पण कमी लागतील. तू मान हलवलीस. समजलं म्हणून की पुरे म्हणून, ते मला कळलं नाही.

बसस्थानकावर नवनीत आणि वहिनी गाडीत जाऊन बसले होते. तू बिडी ओढायला खाली थांबलास. मी तुझ्या शेजारी होते. मला किती काही बोलायचं होतं. होळीचं, बाटलीचं, मी खोलीबाहेर उभी राहिले त्याचं. शेवटी तूच बोललास.

"मेले की त्यांचं काय करता?"

मला वाटलं, पेशींचं विचारतोस. तू म्हणालास, "उंदरांचं."

"पिवळ्या पिशवीत घालतात. भट्टीत जातात."

"नवनीतचं गेलं ती भट्टी?"

"तीच, आबा. एकच गाडी येते. दवाखान्याचं आणि आमचं एकत्रच नेते."

तू बिडी विझवलीस. कंडक्टरने हाक मारली. पायरीवर पाय ठेवून तू वळलास आणि म्हणालास, "मग ते आपल्या घरचे झाले."

मी उत्तर द्यायच्या आत तू आत गेलास. खिडकीतून नवनीतने हात केला. तू पलीकडच्या बाजूला बसला होतास, मला तुझं डोकं तेवढं दिसलं. गाडी निघाली. मी तिथेच उभी होते, आणि मला वाटत राहिलं की तुझ्यामागे चढायला हवं होतं, निदान पुढच्या थांब्यापर्यंत तरी.

तुझा राग गेला की नाही मला माहीत नाही. मी विचारणारही नाही. औषध सापडलं नाही, ते सापडायला कदाचित माझं वय जाईल, आणि नवनीतला त्याचा उपयोग नाही, त्याचं आतडं गेलं ते गेलं. ते काही केलं तरी भरून येत नाही.

परवा त्या औषधाचा शेवटचा प्रयोग संपला. नियमाप्रमाणे उरलेल्या उंदरांना झोपेचा वायू देऊन संपवायचं होतं. आजवर मी ते काम गप्प राहून करत आले, मनात दुसरंच काही आणत. या वेळी एकेकाला हातात घेतलं. अंग ऊन असतं त्यांचं, आणि छाती फार जोरात उडत असते. घरातलं कोणी गेलं की तू त्याला वाटेला लावताना जे म्हणतोस, आईला म्हणाला होतास, ते मी आपल्या बोलीत प्रत्येकाला म्हटलं. मास्क होता, त्यामुळे कोणाला ऐकू गेलं नाही.

तुझी
रंजिता